सडा, खाडी की खाजन : गोव्यात एम.एस्सी.चा प्रकल्प निवडताना

वनस्पतिशास्त्र, सागरी विज्ञान किंवा पर्यावरणशास्त्र यांपैकी कोणत्याही विषयात शेवटच्या वर्षाचा प्रकल्प घ्यायची वेळ आली की बहुतेक विद्यार्थी आधी मार्गदर्शक कोण मिळणार याची चौकशी करतात. ती चौकशी आवश्यकच आहे. मात्र तिच्याआधी हातात किती महिने आहेत आणि त्यांत पावसाचे किती आहेत हे मोजावे, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते.

सडे म्हणजे जांभ्या दगडाची उघडी पठारे; त्यांवरील वनस्पतींचा प्रकल्प सर्वांत कमी खर्चाचा आहे. एक मीटर लांबी-रुंदीचा चौकोन आखायला दोरी, भिंग, वर्तमानपत्रांची रद्दी आणि नमुने दाबण्याची फळी एवढ्यावर काम सुरू होते. सड्यावर मातीचा थर अगदी पातळ असतो, पावसात तिथे पाणी साचते आणि मातीत नत्र फार थोडे असते; म्हणूनच नत्राची उणीव कीटकांतून भरून काढणाऱ्या सीतेची आसवं आणि दवबिंदू यांसारख्या कीटकभक्षी वनस्पती तिथे तग धरतात. हा सगळा बहर साधारण जुलै ते ऑक्टोबर एवढाच टिकतो आणि डिसेंबरात त्याच जागी वाळलेले गवत उरते. त्यामुळे विषय दिवाळीनंतर ठरणार असेल तर सडा घेऊ नये. जूनमध्ये सुरुवात करता येत असेल, तर मात्र तो जरूर घ्यावा. सड्याला पडीक जमीन समजण्याची सवय आपल्याकडे जुनी आहे आणि पेडण्यात मोपाच्या पठारावर आता विमानतळ उभा आहे. अशा वेळी एखाद्या सड्याची नीट केलेली वनस्पतींची यादी हेही मोलाचे काम ठरते.

खुल्या समुद्राविषयी थोडक्यात सांगतो. 1966 मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था दोनापावला येथे असल्यामुळे गोव्यातील विद्यार्थ्याला या विषयाची ओढ वाटणे स्वाभाविक आहे. परंतु पश्चिम किनाऱ्यावर तळालगतच्या पाण्यातील प्राणवायू घटतो तो पावसाळ्याच्या उत्तरार्धात, म्हणजे लहान होडीने बाहेर जाणे कठीण असते तेव्हाच. आधीपासून चालू असलेल्या मोठ्या प्रकल्पातील नमुने मिळणार असतील तरच हा मार्ग धरावा.

खाडीचे तसे नाही. मांडवीच्या काठावर धक्क्यावरून किंवा फेरीबोटीतून बाराही महिने पाणी घेता येते, आणि पावसाळ्यात जवळजवळ गोडे होणारे पृष्ठभागाचे पाणी उन्हाळ्यात मुखाजवळ समुद्राइतके खारट होत असल्यामुळे एकाच जागी अभ्यासाला भरपूर वाव असतो. येथे मी केलेली चूक सांगणे मला कर्तव्य वाटते. विद्यार्थी असताना मी रायबंदरच्या धक्क्यावर दर शनिवारी सकाळी आठ वाजता पाणी घेत असे, आणि क्षारतेचा आलेख एका आठवड्याला वर तर पुढच्या आठवड्याला खाली जात असे. भरतीची वेळ रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते, म्हणजे सात दिवसांत जवळपास सहा तासांनी. त्यामुळे एका शनिवारी आठ वाजता भरती असेल तर पुढच्या शनिवारी त्याच वेळी ओहोटी असते. दोन महिन्यांचे नमुने त्यात वाया गेले. घड्याळाची वेळ सोडून भरतीची अवस्था सारखी ठेवली, तेव्हा कुठे ऋतूंचा फरक दिसू लागला. प्राणवायू मोजायचा असेल तर बाटलीत बुडबुडा राहू न देता मँगॅनीज सल्फेट आणि त्यानंतर अल्कलीयुक्त आयोडाइड जागेवरच घालावे लागते. पाण्यातला प्राणवायू तपकिरी साक्यात बांधला जातो; तो साका खाली बसताना डोळ्यांनी पाहिला म्हणजे पुढचे अनुमापन (टायट्रेशन) प्रयोगशाळेत निवांत करता येते.

मला स्वतःला सर्वांत अधिक जवळचा वाटतो तो खाजनांचा, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या खाडीकाठच्या शेतजमिनींचा विषय, कारण त्यात तिन्ही शास्त्रे एकत्र येतात. बांधाबाहेर कांदळ आणि तिवर ही खारफुटीची झाडे, आत कोरगुटसारखे खारेपण सोसणारे भात, आणि दोहोंमध्ये मानस, म्हणजे भरतीला आपोआप मिटणारी व ओहोटीला उघडणारी पाण्याची झडप. मानशीची फळी कुजली किंवा बांध फुटला की शेतात खारे पाणी शिरते आणि काही वर्षांतच तिथे खारफुटी रुजू लागते. फुटलेल्या आणि शाबूत बांधामागील मातीची क्षारता ताडून पाहणे एका विद्यार्थ्याला एका वर्षात सहज जमते. यात शेतकऱ्यांशी बोलावे लागते, आणि ज्यांना त्याचा कंटाळा आहे त्यांनी हा विषय घेऊ नये.

डिचोली-सांगे भागातील खाणींच्या डंपांवर, म्हणजे खाणीतून काढून टाकलेल्या मातीच्या ढिगाऱ्यांवर, माती आणि मुळांवरील बुरशी यांचे चांगले काम होऊ शकते; मात्र तिथे जागेच्या ताबेदाराची लेखी संमती आधी हवी. अभयारण्यात काम असेल, चोडणचे सलीम अली पक्षी अभयारण्यही त्यात आले, तर वनखात्याच्या परवानगीसाठी अर्ज विषय ठरताच करावा.

म्हणून जून हाती असेल तर सडा, ऑक्टोबरनंतर सुरुवात होणार असेल तर खाडी किंवा खाजन, असे मी सुचवीन. नाव नोंदवण्यापूर्वी भरती-ओहोटीचे वेळापत्रक घेऊन निवडलेल्या जागी एकदा भरतीला आणि एकदा ओहोटीला उभे राहून यावे, आणि पावसात तिथवर बस किंवा दुचाकी पोहोचते का हेही पाहून ठेवावे.