ओपनस्ट्रीटमॅपची वेबसाईट: आपली गल्ली नकाशावर आणायची असेल तर वापराच

फुकटचे मॅप लई आहेत, पण ओपनस्ट्रीटमॅप म्हणजे लोकांनीच भरलेला मॅप, आणि ह्या साईटची रचना मला मनापासून आवडते कारण इथं मॅप बघणारा आणि मॅप बनवणारा असे दोन वेगळे कप्पे नाहीत. जिथं बघताय तिथंच वरचं एडिटचं बटण दाबा, लॉगिन करा, त्याच जागेवर एडिटर उघडतो. हा प्रकल्प २००४ चा, स्टीव्ह कोस्टनं इंग्लंडात सुरू केलेला, पण आजचं रूप मुख्यतः २०१३ च्या बदलातलं. बाजूची लिंकांची गर्दी काढली, मॅपला जवळपास अख्खी स्क्रीन दिली आणि लेयर (म्हणजे मॅपचा प्रकार बदलायचं), शेअर वगैरे बटणं उजव्या कडेला एकाखाली एक लावली. ब्राउझरमध्येच चालणारा आयडी (iD) नावाचा एडिटर पण त्याच वर्षी आला. त्याच्या आधीचा पॉटलॅच नावाचा एडिटर फ्लॅश ह्या ब्राउझरच्या जुन्या प्लगइनवर चालायचा, आणि २०२० संपता संपता फ्लॅशच बंद झालं, म्हणजे किती वेळेवर केलेलं काम बघा.

आता आपल्या सोलापुरात हे कुठं उपयोगी, तर पूर्व भागात. साखर पेठ, अशोक चौक ह्या बाजूला घरं आणि यंत्रमागाचे कारखाने एकमेकांना चिकटून आणि मधनं बोळ. आयडीत खाली सॅटेलाईटचा फोटो दिसतो, वरचं एरियाचं बटण घ्यायचं, कारखान्याच्या पत्र्याच्या छताच्या कोपऱ्यांवर क्लिक करत जायचं, शेवटी कीबोर्डवरचं क्यू (Q) दाबलं की वाकडातिकडा चौकोन झटक्यात काटकोनात बसतो! हे एवढंसं काम पण ज्यानं सुचवलं त्याला मानलं पाहिजे, कारण नवीन माणूस पहिल्याच दिवशी नीट इमारत काढतो आणि त्याला हुरूप येतो.

दुसरं म्हणजे नावं. एकाच जागेला मराठी, तेलुगू, कन्नड अशी वेगवेगळी नावं भरायची सोय आहे, आणि तिन्ही भाषा रोज कानावर पडणाऱ्या गावाला ह्यापेक्षा मोठी गोष्ट काय पाहिजे. मराठी नाव भरलं की देवनागरीत सर्च करून पण ती जागा सापडते. स्टँडर्ड लेयरवर, म्हणजे साईट उघडल्यावर दिसणाऱ्या नेहमीच्या मॅपवर मात्र मुख्य नाव तेवढंच दिसतं, तिथं वाचणाऱ्याची भाषा आली पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

आयडीतला शिकवणीचा भाग चांगलाय पण तो अमेरिकेतल्या थ्री रिव्हर्स नावाच्या गावावर बेतलेला, तिथले रुंद रस्ते बघून आपल्या बोळाचं काय करायचं ते कळत नाही. तसा एक धडा भारतातल्या दाट वस्तीचा हवाच.

रस्ता विचारायची सोय २०१५ पासून आहे, गाडी, सायकल, पायी, ठीक चालते.

मोबाईलवर आयडी उघडायच्या भानगडीत पडू नका, एवढ्या छोट्या स्क्रीनसाठी तो नाहीच, कॉम्प्युटर घ्या. अँड्रॉईडवर स्ट्रीटकम्प्लीट नावाचं ॲप टाका, ते रस्त्यावर उभं असतानाच साधे प्रश्न विचारतं, इथं रस्ता डांबरी का कच्चा, आणि उत्तर दिलं की मॅपमध्ये जातं.

आणि कृपा करून गड्ड्याच्या यात्रेतले पाळणे आणि स्टॉल होम मैदानावर काढून ठेवू नका, तात्पुरत्या गोष्टी ह्या मॅपवर घेत नाहीत. दुसऱ्या कंपनीच्या मॅपवरनं बघून नावं उतरवणं तर अजिबात नको, लायसन्सला ते चालत नाही. गल्लीत जा, पाटी वाचा, मग भरा.