चार्टवर रोज १२०/८०: नर्सच्या नावाखाली झालेली फसवणूक

वडिलांना पक्षाघात झाला, उजवी बाजू गेली, गिळता येईना. हॉस्पिटलमधून घरी आणलं तेव्हा नाकातून पोटात जाणारी रायल्स ट्यूब आणि लघवीचा कॅथेटर, दोन्ही सोबत होते. आई स्वतःच थकलेली. त्यांना एकटीनं कुशीवर वळवणं तिच्या आवाक्याबाहेरचं. मी आणि भाऊ दोघंही दुसऱ्या गावी. अशा घरांना नर्सच्या नावाखाली काय विकलं जातं ते आम्ही फार जवळून पाहिलं. तुमच्याकडेही कुणाला घरी ठेवायची वेळ आली असेल तर हे शेवटपर्यंत वाचा.

डिस्चार्जच्या गडबडीत वॉर्डातल्या कुणीतरी एका नर्सिंग ब्युरोचा नंबर दिला. फोनवरचा माणूस अतिशय गोड बोलला. "ताई, तुम्ही अजिबात काळजी करू नका. ट्यूबचा पेशंट आहे ना, मग ट्रेन्ड सिस्टरच देतो. चोवीस तासांची. दर दोन तासांनी पोझिशन बदलणार, बीपी घेणार, सगळं चार्टवर लिहिणार." रजिस्ट्रेशन फी वेगळी, एका महिन्याचे पैसे डिपॉझिट, वर पहिला महिना आगाऊ. दर अर्थातच नर्सचा, आयाच्या दराच्या दुपटीहून जास्त. करारपत्राचं विचारलं तर म्हणाला, "सिस्टरसोबत पाठवतो." आला तो एकपानी फॉर्म, त्यावर ब्युरोचा पत्तासुद्धा नव्हता. पैसे ज्या खात्यात भरायला सांगितले ते एका व्यक्तीच्या नावावरचं होतं. पक्की पावती आजतागायत मिळालेली नाही.

आलेली बाई पांढऱ्या गणवेशात, नीटनेटकी, बोलायला मऊ. आई तिला सिस्टर म्हणायची. रोज रात्री चार्टचा फोटो आमच्या मोबाइलवर यायचा. सकाळी, दुपारी, रात्री बीपी १२०/८०, नाडी ७२, ताप नाही. कुशीवर वळवल्याच्या खुणा दर दोन तासांच्या चौकटीत, रात्री दोनला आणि पहाटे चारलासुद्धा.

असा चार्ट तुमच्याकडे येत असेल तर तो खरा मानू नका. कुणाचंही बीपी दिवसभर एका आकड्यावर थांबत नाही. झोपेत उतरतं, उठल्यावर चढतं, दुखलं की चढतं, गोळीच्या वेळेनुसार बदलतं. पक्षाघात झालेल्या, बीपीच्या गोळ्या चालू असलेल्या म्हाताऱ्या माणसाचा आकडा सकाळ-संध्याकाळ तोच येत असेल, तर मशीन लावलेलंच नाही.

हे उघडकीला आणलं फिजिओथेरपिस्टनं. पाठीचे व्यायाम घ्यायला त्यानं बाबांना डाव्या कुशीवर घेतलं आणि तो गप्पच झाला. कमरेखाली, माकडहाडावर कातडी फाटलेली होती, आत ओलसर लाल. न वळवता एकाच जागी पडून राहिल्यानं, दाबामुळे होणारी ही जखम, म्हणजे बेडसोअर. त्यानं लगेच फोटो पाठवला. चार्टवर त्या दिवशीच्याही सगळ्या चौकटी भरलेल्या होत्या, अगदी अजून न उजाडलेल्या संध्याकाळच्यासुद्धा.

भाऊ लगोलग घरी पोचला. त्यानं पहिलं काम केलं ते बीपीचं मशीन उघडण्याचं. बऱ्याच डिजिटल मशीनमध्ये मागची मोजमापं साठवलेली असतात, तारीख-वेळ लावलेली असेल तर तीही दिसते. आमच्या मशीनमधलं शेवटचं माप हॉस्पिटलमधून आल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांतलं होतं. त्यानंतर काहीच नाही. ब्युरोवाल्याकडे ज्याला उत्तर नव्हतं, असा एवढा एकच पुरावा आमच्याकडे होता.

बाईला विचारल्यावर ती रडायला लागली. ती नर्स नव्हती. एका हॉस्पिटलात साफसफाईच्या कामावर होती, तिथून ब्युरोनं तिला उचललं, गणवेश दिला आणि "सिस्टर आहे म्हणूनच सांगायचं" असं बजावलं. चार्ट कसा भरायचा तेही त्यांनीच शिकवलेलं. आम्ही देत होतो त्याच्या निम्म्याहून कमी पैसे तिच्या हातात पडत होते आणि तिची मूळ कागदपत्रं ब्युरोच्या कपाटात अडकवून ठेवलेली होती. मला तिचा राग आला नाही असं नाही. बाबांना सपाट झोपवून ती ट्यूबमधून भरवत होती, हे कळल्यावर माझे हातपाय गार पडले. भरवताना डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश वर हवी आणि नंतरही निदान अर्धा तास तशीच ठेवावी लागते, नाहीतर पोटातलं वर येऊन फुफ्फुसात जाऊ शकतं. तिला हे कुणी सांगितलंच नव्हतं. पण ज्यानं तिला न शिकवता एका ट्यूबच्या पेशंटजवळ उभं केलं आणि वर नर्सचे पैसे घेतले, खरा गुन्हेगार तो.

आता "चोवीस तासांची बाई" या प्रकाराबद्दल. एकच माणूस चोवीस तास जागा राहू शकत नाही, रोज तर नाहीच. ती रात्री झोपणार, झोपायलाच हवी. पेशंटला रात्रीही दर दोन तासांनी वळवायचं असेल तर बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या लागतात, नाहीतर रात्रीचं काम घरातल्या कुणीतरी करावं लागतं. एका बाईच्या भरवशावर रात्रभराचं पोझिशनिंग विकणारा माणूस पहिल्या फोनपासूनच खोटं बोलत असतो. हवेची गादी घेतली की वळवायला नको, असंही ब्युरोवाला म्हणाला होता. तेही खोटं, गादीनं दाब कमी होतो, वळवणं टळत नाही.

ब्युरोची प्रतिक्रिया ठरलेली होती. आधी "रिप्लेसमेंट देतो". नको म्हटल्यावर "महिनाभर आधी नोटीस दिली नाही, डिपॉझिट परत मिळणार नाही". मग हजेरीचा कागद पुढे केला, त्यावर आईच्या सह्या. महिना संपायच्या आतच पूर्ण महिन्याच्या रकान्यांवर तिच्याकडून सह्या घेतल्या होत्या, "आजी, उद्या विसरायला नको" म्हणून. शेवटी धमकी: त्या बाईला तुम्ही परस्पर कामावर ठेवलं तर दंड भरावा लागेल.

पुढे डॉक्टरांच्या ओळखीतून एक नोंदणीकृत परिचारिका जखमेच्या ड्रेसिंगला येऊ लागली. खरी नर्स कशी असते ते तिच्या पहिल्याच भेटीत दिसलं. तिनं बीपीच्या आधी बाबांचं अंग पाहिलं: टाचा, घोटे, खुबे, कोपर, कानामागची कातडी. लाल दिसेल तिथं बोट दाबून सोडायची. दाबल्यावर पांढरं पडून परत लाल झालं तर ठीक, लालच राहिलं तर ती जखमेची पहिली पायरी. मग ब्रेडन स्केलवर गुण लावले. त्यात संवेदना, ओलावा, हालचाल, कूस बदलण्याची क्षमता, आहार आणि घर्षण अशा सहा गोष्टींचे ६ ते २३ गुण असतात. १८ किंवा कमी आले की जखमेचा धोका धरतात. बाबांचे त्याहून बरेच खाली होते. पूर्ण कुशीवर न आडवं करता पाठीमागे उशी देऊन साधारण ३० अंशांचा कल ठेवायचा, हेही तिनंच आईला करून दाखवलं. आधीच्या बाईला यातलं एक अक्षर माहीत नव्हतं.

म्हणून कामावर ठेवण्याआधी नर्सचा नोंदणी क्रमांक मागा आणि तो ज्या नर्सिंग परिषदेनं दिलाय तिथं जाऊन खात्री करा. क्रमांक नसेल तर ती आया आहे. आयाचं काम घ्या, आयाचेच पैसे द्या आणि ट्यूब-कॅथेटरचं काम तिच्यावर टाकू नका. पैसे फक्त संस्थेच्या नावाच्या खात्यात, पावती घेऊनच. नोटीस आणि डिपॉझिटची अट लेखी नसेल तर डिपॉझिट देऊ नका. चार्टच्या फोटोऐवजी मशीनच्या पडद्याचा फोटो मागवा. आणि लांब राहत असाल तर आठवड्यातून एकदा व्हिडिओ कॉलवर पाठ, कंबर, टाचा उघड्या करून दाखवायला सांगा. संकोच वाटतो, तरी सांगा.

बाबांची जखम आता भरत आली आहे, पण अजून पूर्ण भरलेली नाही. डिपॉझिटसाठी आम्ही मशीनमधल्या नोंदी, चार्टचे सगळे फोटो, बँकेचे उतारे आणि डॉक्टरांचं पत्र जोडून तक्रार दिली आहे. तक्रार दिल्यावर ब्युरोचा तो नंबर बंद झाला.