इंकस्केपमधील छायांकन: ब्लर पक्का, मेश अजून कच्चा

इंकस्केप हे वेक्टर (पिक्सेलऐवजी रेषा-आकारांनी बनणाऱ्या) चित्रांचे मुक्त सॉफ्टवेअर २००३ मध्ये सोडिपोडी या प्रकल्पातून वेगळे झाले आणि २०२० मध्ये त्याची १.० आवृत्ती आली. बोधचिन्हे, आकृत्या आणि अक्षरांकन यांसाठी ते भरवशाचे आहे, याबद्दल फारसे दुमत नाही. येथे प्रश्न एवढाच आहे, की चित्राला उजेड-सावलीचा खरा वाटणारा उठाव त्यात कितपत देता येतो. माझ्या मते चांगलाच देता येतो. मात्र त्याचे श्रेय बहुचर्चित मेश ग्रेडियंटपेक्षा (जाळीच्या बिंदूंना वेगवेगळे रंग देऊन केलेली छटा) ब्लर (आकार पुसट करणे) आणि क्लिप (ठरावीक बाह्यरेषेबाहेरचा भाग लपवणे) या जुन्या जोडीला द्यावे लागेल.

पारखण्यासाठी ढोबळी मिरची घेतली, कारण फुगीर कप्पे, त्यांमधल्या खाचा आणि सालीची चकाकी या तिन्ही गोष्टी तिच्यात एकत्र सापडतात. साधा रेडियल ग्रेडियंट (मध्यापासून बाहेर गोलाकार बदलत जाणारी छटा) येथे लगेच तोकडा पडतो. त्यातून चेंडू उत्तम उभा राहतो, पण मिरचीच्या खाचांचे वळण त्याला धरता येत नाही.

ब्लरची पद्धत अशी, की सावलीचा आकार पेन टूलने स्वतंत्र काढायचा, ‘फिल अँड स्ट्रोक’मधल्या सरकपट्टीने तो पुसट करायचा आणि मूळ बाह्यरेषेच्या प्रतीने क्लिप करायचा. एसव्हीजी या इंकस्केपच्या फाइल-स्वरूपाच्या नियमानुसार फिल्टर (येथे ब्लर) आधी लागतो आणि क्लिप नंतर, त्यामुळे आतली सावली मऊ राहूनही वस्तूची कड धारदार राहते. सर्व छाया एका ग्रुपमध्ये घेऊन त्या ग्रुपलाच क्लिप लावल्यास आत शिरून एकेक सावली हवी तशी सरकवता येते आणि बाह्यरेषा जागची हलत नाही; ही सोय मला या सॉफ्टवेअरमधली सर्वांत मोलाची वाटली. ब्लरचे प्रमाण आकाराच्या तुलनेत टक्क्यांत मोजले जाते, म्हणून लहान व मोठ्या आकारांना तोच आकडा देऊन सारखा मऊपणा मिळत नाही, हे ध्यानात ठेवावे लागते.

अर्थात, सावली कोठे ठेवायची हे साधन सांगत नाही. सर्वांत गडद पट्टा कडेवर न ठेवता थोडा आत घ्यावा, कारण आजूबाजूच्या पृष्ठभागावरून उसळलेला उजेड कडेला किंचित उजळवतो. लाल मिरचीची सावली काळ्याने केली, तर साल काजळी धरल्यासारखी दिसते. तेथे जांभळट गडद लाल घेऊन ब्लेंड मोड (खालच्या रंगात मिसळण्याची पद्धत) ‘मल्टिप्लाय’, म्हणजे खालचा रंग गडद करणारा, ठेवल्यास रंग जिवंत राहतो. ब्लरची खरी मर्यादा जमिनीवरच्या पडछायेत उघडी पडते. वस्तूच्या बुडाशी ती रेखीव आणि दूर जाताना विरळ हवी असते, पण एका आकाराला सर्वत्र एकच ब्लर लागत असल्यामुळे दोन-तीन आकार एकमेकांवर रचून वेळ भागवावी लागते.

मेश ग्रेडियंट २०१७ मधल्या ०.९२ आवृत्तीत आला. जाळीच्या उभ्या रेषा खाचांच्या वळणाने नेल्या आणि प्रत्येक नोडला (रेषा मिळतात त्या बिंदूला) वेगळा रंग दिला, तर मिळणारी छटा ब्लरहूनही नितळ असते. परंतु एका जागी तपशील वाढवायला नवी रेषा घातली की ती जाळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाते आणि नको तेथेही नोड वाढवते. रंगांचे सांधे दिसू लागले, तर ‘बायक्युबिक’ स्मूदिंगने बराच फरक पडतो. मोठी अडचण पुढे आहे: ब्राउझर मेश स्वतःहून दाखवत नाहीत. त्यासाठी इंकस्केप फाइलमध्ये एक जावास्क्रिप्ट घालते खरे, पण फाइल इमेज टॅगमधून दाखवली की ती स्क्रिप्ट चालतच नाही. वेबसाठी चित्र काढणाऱ्याने म्हणूनच मेशच्या नादी लागू नये, किंवा शेवटी पीएनजी (पिक्सेलचे चित्र) करून मोकळे व्हावे.

वेगाबाबत तक्रार आहेच. ब्लर केलेले आकार वाढले, की झूम करताना पडदा अडखळतो. काम सुरू असताना फिल्टर न दाखवणारा डिस्प्ले मोड निवडला, तर हात मोकळा चालतो. पीडीएफ करताना फिल्टर लावलेले भाग पिक्सेलमध्ये बदलले जातात, त्यामुळे छपाईसाठी पीडीएफच्या खिडकीतले रिझोल्यूशन ३०० डीपीआयपर्यंत (दर इंचाला ३०० ठिपके) वाढवणे आवश्यक आहे. नाहीतर बाह्यरेषा काटेकोर उमटतात आणि सावल्या मात्र भरड दिसतात.