ज्योत्स्ना भोळे कलेक्शन: गाणी झकास, नाटक गायब

सध्या जे म्युझिक अ‍ॅप वापरतोय त्याचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण खाली ज्या तक्रारी आहेत त्या थोड्याफार फरकाने सगळ्याच अ‍ॅपना लागू होतात असं माझं मत आहे. तर त्यावर ज्योत्स्ना भोळे यांच्या गाण्यांचं एक कलेक्शन आहे, पैसे भरून जाहिरातींशिवाय ऐकता येतं, डाउनलोडपण होतं. ऐकायला सुरुवात केली ती भावगीतांसाठी आणि अडकलो ते नाटकांत. गाण्यांना पाचपैकी साडेचार, अ‍ॅपने ती ज्या पद्धतीने समोर ठेवलीत त्याला फार तर दोन. आता का ते सांगतो, लांबण लागेल, आधीच सांगून ठेवतो.

पहिली गोष्ट म्हणजे या कलेक्शनमध्ये ज्योत्स्नाबाई फक्त 'गायिका' आहेत. अरे बाबांनो, त्या नटी होत्या! म्हणजे गायिका होत्याच, पण यातली निम्मी गाणी कुणीतरी एक बाई स्टेजवर उभी राहून, कुणाची तरी बायको किंवा मुलगी म्हणून, समोर थिएटर भरलेलं असताना म्हणत होती. अ‍ॅपवर नाटकाचं नाव नाही, साल नाही, नाटककार नाही, काही ठिकाणी संगीतकाराच्या जागी गीतकार बसवलाय, आणि फोटो तर एका ठिकाणी भलत्याच बाईंचा. ज्यांना आधीपासून माहिती आहे ते ओळखतील, बाकीच्यांना सगळं 'जुनी मराठी गाणी' या एका गोणीत भरल्यासारखं वाटणार.

म्हणून स्वतःच क्रम लावून प्लेलिस्ट बनवली आणि मग ऐकली, आणि खरं सांगतो, फरक पडतो राव.

थोडं मागचं सांगतो, ज्यांना माहितीये त्यांनी पुढे सरका. जन्म 11 मे 1914, गोव्यातलं बांदिवडे. माहेरचं नाव दुर्गा केळेकर. थोरली बहीण गिरिजाबाई केळेकर, त्याही गायिका. दुर्गा लहानपणी मुंबईत आली, शास्त्रीय गाण्यातल्या आग्रा घराण्याच्या उस्तादांकडे तालीम घेतली, आणि 1932 ला केशवराव भोळ्यांशी लग्न झालं तेव्हा दुर्गाची ज्योत्स्ना झाली. केशवराव म्हणजे तेच, पुढे प्रभात फिल्म कंपनीच्या 'संत तुकाराम' आणि 'कुंकू' या सिनेमांना ज्यांचं संगीत होतं ते. घरात नवरा संगीतकार, शिवाय संगीतावर लिहिणारा, म्हणजे रियाजाला दाद आणि झापणं दोन्ही घरच्या घरी मिळत असणार (हा माझा अंदाज हां, पण केशवरावांचं लिखाण वाचलं की असंच वाटतं).

आता लग्नानंतरच्याच वर्षी, 1 जुलै 1933 ला, मुंबईत रिपन थिएटरमध्ये 'आंधळ्यांची शाळा' लागलं. नाट्यमन्वंतर ही संस्था, श्री. वि. वर्तकांनी नॉर्वेच्या ब्यर्नसनच्या नाटकावरून केलेलं रूपांतर, केशवराव दाते, पार्श्वनाथ आळतेकर, अनंत काणेकर असे लोक मागे. बाईंचं वय तेव्हा एकोणीस. हे नाटक का महत्त्वाचं, तर बालगंधर्वांची मोहिनी अजून उतरलेली नव्हती, पुरुषाने शालू नेसून नायिका करणं हेच लोकांना नॉर्मल वाटत होतं, आणि इकडे बोलपट सुरू होऊन 'अयोध्येचा राजा' 1932 लाच आलेला, नाटक कंपन्या एकेक करून गुंडाळायला लागलेल्या. अशा वेळी बायकांची कामं बायकांनीच करायची, घरातल्यासारखं बोलायचं, पडदे रंगवून राजवाडा दाखवायचा नाही, आणि गाणी मोजकीच ठेवायची, असं या लोकांनी ठरवून केलं. स्त्रिया त्याआधी स्टेजवर नव्हत्या असं अजिबात नाही, गायिका हिराबाई बडोदेकरांनी आधीच करून दाखवलं होतं, तेव्हा 'पहिली स्त्री नटी' वगैरे जे कुठेकुठे लिहिलेलं दिसतं ते उगाच आहे. पण सुशिक्षित मध्यमवर्गीय घरातली लग्न झालेली बाई वास्तववादी नाटकात उभी राहते आणि ते नाटक गाजतं, याचा जो परिणाम झाला तो वेगळाच. संस्था मात्र फार टिकली नाही, दोनतीन वर्षांत आटोपलं.

अ‍ॅपवर 'आंधळ्यांची शाळा'तलं 'एकलेपणाची आग लागली हृदया' शोधा. नाटकाचं नाव टाकून सर्च केलं तर येत नाही, गाण्याचं पूर्ण नाव टाकायचं, तेही जोडाक्षर चुकलं तर गायब. ऐकताना लक्षात येईल की ताना, म्हणजे गळ्याची ती भरभर सुरावट, नाहीतच जवळपास. ज्या काळात नाट्यपद (नाटकातलं गाणं) म्हणजे वन्समोअरवर वन्समोअर आणि एकेक पद पाऊणपाऊण तास असं चाललेलं असायचं त्या काळात ही एकोणीस वर्षांची मुलगी, आग्र्याची तालीम घेतलेली, हातात सगळं असूनही ते वापरत नाही! मला यातच त्यांची अभिनेत्री म्हणून समज दिसते. गळा दाखवायचा मोह आवरणं हे गायिकेपेक्षा नटीचं काम आहे. बरेच जण यावर भांडतील, भांडा.

मग 1941 ला नाटककार मो. ग. रांगणेकरांची नाट्यनिकेतन ही नाटक संस्था निघाली आणि तिथून बाईंचा मोठा काळ सुरू झाला. 1942 चं 'कुलवधू'. हे तर ऐकाच. नायिका भानुमती, इब्सेनच्या 'डॉल्स हाउस'ची सावली आहे या नाटकावर, म्हणजे नायिका सिनेमात काम करून घर चालवते आणि नवऱ्याला ते पचत नाही असा मामला. 1942 मध्ये! आणि ही भानुमती करणारी बाई स्वतः संसार सांभाळून नाटकात काम करणारी, म्हणजे प्रेक्षक दोन्ही गोष्टी एकदम बघत असणार. संगीत मास्टर कृष्णरावांचं. 'क्षण आला भाग्याचा', 'मनरमणा मधुसूदना' आणि अर्थात 'बोला अमृत बोला'.

'बोला अमृत बोला' भैरवी रागात आहे आणि गेली ऐंशी वर्षं प्रत्येक गाण्याच्या क्लासमध्ये, प्रत्येक स्पर्धेत कुणी ना कुणी म्हणतंच, त्यामुळे आपल्याला ते पाठ असतं पण ऐकलेलं नसतं. मूळ रेकॉर्ड नीट हेडफोन लावून ऐका. शब्द कसे टाकलेत बघा, 'बोला' हे खरंच कुणाला तरी बोला म्हटलंय. नंतर म्हणणाऱ्या बहुतेकांचं ते भैरवीतलं एक पद होतं, बाईंचं ते संभाषण आहे. मी तर अ‍ॅपमधली इतर कलाकारांची व्हर्जन्स लागोपाठ लावून बघितली, काही गळ्याने जास्त तयार आहेत, एकदोघींची तान बाईंपेक्षा सफाईदार आहे हे मान्य करायलाच पाहिजे, पण समोर माणूस उभा आहे असं कुणाचंच ऐकून वाटत नाही.

एक तांत्रिक गोष्ट इथे सांगायलाच हवी. ही सगळी 78 आरपीएमच्या (मिनिटाला 78 फेरे) जुन्या तबकड्यांवरची गाणी, एका बाजूला साधारण तीन-साडेतीन मिनिटं मावायची. म्हणजे थिएटरात जे पद प्रेक्षकांच्या मूडप्रमाणे फुलायचं ते रेकॉर्डिंगला कापून, लय थोडी वाढवून म्हणायला लागायचं. जुन्या ढंगाच्या नाट्यपदांचं यात फार नुकसान झालं, ऐकताना गाडी पकडायची घाई असल्यासारखी वाटतात. रांगणेकरांची नाटकं मुळातच आटोपशीर, रात्रभर नाही तर तीनेक तासांत संपणारी, पदं छोटी, त्यामुळे ज्योत्स्नाबाईंची नाट्यगीतं तबकडीत नीट बसली. आज आपल्याला त्या इतक्या ताज्या वाटतात त्यात याचाही वाटा आहे.

पण अ‍ॅपवाल्यांनी काय केलंय, तर काही ट्रॅकवर नॉइज रिडक्शन इतकं मारलंय की खरखर गेली आणि तिच्याबरोबर 'स', 'श', 'च' पण गेले. शब्दांवर जगणाऱ्या नटीच्या रेकॉर्डिंगमधून व्यंजनं काढून घेतली तर उरलं काय? एकाच गाण्याच्या दोन कॉप्या आहेत आणि दोन्हींची पट्टी (सुराची उंची) वेगळी, म्हणजे कुठली तरी एक तबकडी चुकीच्या स्पीडवर वाजवून कॉपी केलीय. जी वरच्या पट्टीत आहे त्यात आवाज उगाच लहान मुलीसारखा येतो. दोन्ही लावून बघा आणि जिथे श्वास नैसर्गिक वाटतो ती ठेवा, खरखर असली तरी चालेल. 'रीमास्टर्ड' असं लिहिलेलं दिसलं की मी आता आधी संशयाने बघतो.

भावगीतं वेगळी काढून ठेवलीत ते एक बरं केलंय. 'माझिया माहेरा जा' (राजा बढे यांचे शब्द, चाल पु. ल. देशपांडे यांची, हो तेच पुलं, अ‍ॅपवर त्यांचं नाव नाही म्हणून सांगतोय) आणि 'आला खुशीत समिंदर' ही दोन तर सगळ्यांना माहितीच असतात. यावर फार लिहीत नाही, ऐकलं की कळतं. फक्त एवढंच की 'माझिया माहेरा' हे गाणं कुठल्याही नाटकातलं नसूनही त्यात एक अख्खी बाई उभी राहते, सासरच्या अंगणात पाखराला निरोप देणारी, आणि हे गळ्याने झालेलं नाही, नाटकाने झालंय.

मग शेवटाकडे 1955 चं मामा वरेरकरांचं 'भूमिकन्या सीता'. बाई आता चाळिशी ओलांडलेल्या. 'मानसी राजहंस पोहतो' आणि 'मी पुन्हा वनांतरी', चाली स्नेहल भाटकरांच्या. माझ्या मते अख्ख्या कलेक्शनमधला सगळ्यात वरचा माल हा आहे आणि अ‍ॅपने तो तळाला टाकलाय कारण प्लेकाउंटप्रमाणे, म्हणजे किती वेळा ऐकलं गेलं त्यावरून, लावतात ना. आवाजात आता वजन आलंय, 'कुलवधू'तली ती चमक थोडी कमी आहे, पण ठहराव असा की बास. 1933, 1942, 1955 अशी तीन गाणी लागोपाठ लावली की दहा-बारा मिनिटांत एका नटीची बावीस वर्षं ऐकायला मिळतात. ही सोय मात्र अ‍ॅपशिवाय झाली नसती हेही खरं, तबकड्या शोधत कोण फिरणार होतं.

आता मोठी उणीव, जी अ‍ॅपची चूक नाहीये पण सांगितली नाही तर रिव्ह्यू अर्धा राहील. संवाद कुठेच नाहीत. 'कुलवधू'च्या शेवटाला भानुमती नवऱ्याला जे काही सुनावते ते त्या कसं म्हणायच्या, किती थांबायच्या, आवाज चढवायच्या की उतरवायच्या, या कलेक्शनमधून कळायला काही मार्ग नाही. तबकडी कंपन्यांना पदं विकायची होती, गद्य कोण घेणार. त्यामुळे इतकी मोठी रंगभूमीची कारकीर्द आणि आपल्या हातात येतं ते गाणंच. बाईंनी पुढे 'आराधना' नावाचं नाटक स्वतः लिहिलंसुद्धा, संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, पुण्यात हिराबागेतल्या सभागृहाला त्यांचं नाव आहे, 5 ऑगस्ट 2001 ला गेल्या. यातलं एक अक्षर कलाकाराच्या माहितीच्या पानावर नाही. तिथे फक्त 'मराठी, भावगीत' असे दोन टॅग आहेत आणि खाली 'तुम्हाला हेही आवडेल' म्हणून कुठलीतरी लग्नाच्या वरातीची डीजे प्लेलिस्ट. अहो निदान हिराबाई तरी दाखवा, माणिक वर्मा दाखवा!

कस्टमर केअरला क्रेडिट्सबद्दल लिहिलं होतं. उत्तर आलं की कंटेंट आम्हाला लेबलकडून (म्हणजे रेकॉर्ड कंपनीकडून) जसा मिळतो तसा आम्ही देतो. म्हणजे लेबलने दुरुस्त करायचं, लेबलला कोण सांगणार, तर कुणी नाही. चाललंय.

तर कुणी घ्यावं? नाट्यसंगीत आधीपासून ऐकताय, नाटकांची नावं माहिती आहेत, तर बिनधास्त घ्या, पैसे वसूल आहेत. नवीन असाल तर आधी 'आठवणीतली गाणी' या साइटवर जाऊन प्रत्येक गाण्याचं नाटक, गीतकार, संगीतकार बघून घ्या, मग अ‍ॅपवर ऐका, म्हणजे कोण कुणाला काय म्हणतंय ते कळेल. शफल बंद ठेवा. क्रॉसफेड नावाचं जे सेटिंग असतं ते तर नक्की बंद करा, कारण या रेकॉर्डमध्ये शेवटचा शब्द अगदी टोकाला असतो आणि पुढचं गाणं त्याच्यावर चढतं. आणि डाउनलोड करताना हाय क्वालिटीचा हट्ट नको, मुळातच 78 ची तबकडी आहे, फोनची जागा फुकट जाते, आवाजात काडीचाही फरक पडत नाही.