गेम क्रॅश होतोय: ड्रायव्हर धुऊन काढायचा की कार्डाचा वेग उतरवायचा?

धूळ झटकून झाली, पॉवर केबल पुन्हा दाबून बसवली, रॅमचा एक्सएमपी (रॅम जास्त वेगाने चालवणारी सेटिंग) बंद करून पाहिला, तरी गेम मध्येच गोठतो, डेस्कटॉपवर येऊन आपटतो आणि विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ४१०१ ची, म्हणजे डिस्प्ले ड्रायव्हर प्रतिसाद देईनासा झाल्याची, नोंद पडते. इथवर आलेल्यापुढे मुख्यतः दोन वाटा उरतात. एक, सेफ मोडमध्ये डीडीयू (ड्रायव्हर पुसून काढणारा प्रोग्रॅम) चालवून ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर मुळासकट काढायचा आणि नवा किंवा मागचा, नीट चालणारा टाकायचा. दुसरी, आफ्टरबर्नर या कार्डाच्या सेटिंग बदलणाऱ्या प्रोग्रॅममध्ये कोअर क्लॉक, म्हणजे कार्डाच्या चिपचा वेग, पन्नासेक मेगाहर्ट्झ खाली ओढायचा. मी दोन्ही करून बसलोय.

ड्रायव्हरची वाट सगळेच आधी सुचवतात, आणि त्यात तथ्य आहे. क्रॅश नेमका अपडेटनंतर सुरू झाला असेल किंवा कार्डाची कंपनीच बदलली असेल, तर दुसरीकडे बघूच नका. फक्त आधी नेट तोडा, नाहीतर विंडोज अपडेट मधल्या वेळात आपल्या मर्जीचा ड्रायव्हर बसवून मोकळं होतं.

माझं घोडं अडलं ते शेडरपाशी, म्हणजे कार्डावर चित्र रंगवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमपाशी. ड्रायव्हर बदलला की जुना शेडर कॅशे (आधी तयार करून ठेवलेले शेडर) सहसा कामाचा राहत नाही आणि मोठे गेम पुन्हा पहिल्यापासून कम्पाइल करायला बसतात. ऑफिस, जेवण उरकून रात्री जेमतेम तासभर हाती लागतो, त्यातला निम्मा ती पट्टी सरकताना बघण्यात जातो. जे गेम आधी कम्पाइल करत नाहीत ते खेळता खेळता करतात. नव्या खोलीत शिरलं की चित्र अडखळतं, आणि हा नव्या ड्रायव्हरचा दोष की शेडरचा, काही कळत नाही. बरं, एवढं करून क्रॅश गेला का? माझा क्रॅश कधी लगेच यायचा, कधी आठवडाभर तोंड दाखवायचा नाही. म्हणजे पुन्हा वाट बघा, आणि आला की पुन्हा धुलाई.

वेग उतरवण्यात ही कटकट नाही. स्लायडर ओढा, अप्लाय करा, पटलं नाही तर रीसेट. शेडर जागच्या जागी राहतात.

माझ्याकडे क्रॅश ऐन मारामारीत नव्हे, तर नकाशा उघडला की व्हायचा. आधी चक्रावलो होतो, पण त्याला कारण आहे. जड दृश्यात कार्ड वीज आणि तापमानाच्या मर्यादेला टेकतं आणि आपणहून क्लॉक उतरवतं. नकाशावर काम हलकं, म्हणून क्लॉक थेट शेंड्याला जातो, आणि कारखान्यातूनच ओव्हरक्लॉक होऊन (ठरल्यापेक्षा जास्त वेग लावून) आलेलं कार्ड तिथेच डगमगतं. त्यामुळे अशा वेळी नुसती पॉवर लिमिट कमी करून फारसं हाती लागत नाही, क्लॉकच खाली आणावा लागतो. फ्रेम किती गेल्या ते मोजलं नाही. खेळताना तरी मला फरक जाणवला नाही. तुमच्या कार्डाचं वेगळं असू शकेल. हो, विंडोज सुरू होताच सेटिंग लागू होण्याची खूण करायला विसरू नका.

विंडोजच्या रजिस्ट्रीत टीडीआरडिले (कार्ड अडकलं तर विंडोज किती वेळ थांबतं ती मर्यादा) २ सेकंदांवरून वाढवायचा सल्लाही मिळेल. माझ्या मते त्याने गोठलेलं चित्र जरा जास्त वेळ बघायला मिळतं, इतकंच.

एक अपवाद. प्रोसेसर इंटेलचा १३ व्या किंवा १४ व्या पिढीचा असेल आणि गेम ‘व्हिडिओ मेमरी संपली’ म्हणून बंद पडत असेल, तर कार्डाला हात लावण्याआधी बायोस (मदरबोर्डचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करा, कारण दोष प्रोसेसरचा असू शकतो. इंटेलने ऑगस्ट २०२४ मध्ये त्यासाठी मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची दुरुस्ती) दिला. मात्र आधीच खराब झालेला प्रोसेसर त्याने सुधारत नाही. त्यासाठी वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली आहे, ती वापरा.

कार्डाचीही वॉरंटी शिल्लक असेल तर स्लायडरवर कायमचं भागवू नका. कार्ड मूळ क्लॉकला बंद पडतं आणि खाली आणलं की टिकतं, हे सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर ‘गेम बंद पडतो’ यापेक्षा नक्कीच जास्त उपयोगी पडतं.