सोसायटीचं गेट अ‍ॅप: चालतंय बरं, पण विचारलं कुणाला? (३ स्टार)

विश्रामबागला आमच्या सोसायटीत गेटसाठी व्हिजिटर अ‍ॅप घेतलंय. नाव देत नाही, सगळी साधारण सारखीच असतात. पार्सलवाला आला की मोबाईलवर विचारतं, हो म्हटलं की आत सोडतात, इंटरकॉमची कटकट गेली. दुपारी डोळा लागला की हमखास वाजतं, ते सोडा.

खरं दुखणं वेगळंय. अ‍ॅप घ्यायचं ठरवायच्या मीटिंगला कोरम (म्हणजे किमान हजेरी) नव्हता म्हणून अर्धा तास तहकूब, तहकूब सभेला कोरम लागतच नाही, मग चहा पिऊन जे उरले त्यांनी हात वर केले आणि झालं बहुमत! मी विरोधात होतो तरी मेंटेनन्समध्ये पैसे लागले, ते ठीकाय, लिफ्ट न् रंगाचं असंच चालायला पाहिजे, एकाच्या हट्टापायी गळकी बिल्डिंग अडू नये. रिडेव्हलपमेंटला पण २०१९ पासून ५१ टक्केच संमती लागते, पण तिथं एकूण सभासदांचे ५१ मोजतात. गावात दारूबंदीसाठी बाटली आडवी करायची तरी एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं लागतात, जी मतदानाला आलीच नाही तिला होकारात धरत नाहीत. आमच्याकडं गप्प बसला तो सहमत.

त्यात अ‍ॅप उघडलं की 'मी सहमत आहे'. नाही म्हणायला बटणच नाही, टिक केली नाही तर पाहुणा गेटवर उभा. २०२३ च्या डेटा कायद्यात संमती मोकळी आणि विनाअट पाहिजे असं स्पष्ट लिहिलंय. सेक्रेटरी अण्णांना म्हटलं तर म्हणे ठराव पास झालाय, लोकशाही आहे. अहो ठराव सोसायटीचा, पण फोटो न् नंबर माझाय ना!

आणि कामवाल्या मावशी? त्या सभासद नाहीत, मत नाही, पण फोटो त्यांचाच आणि येण्याजाण्याच्या वेळा सगळ्या फ्लॅटना दिसतात. वरच्या काकू जिन्यात अडवून विचारतात आज उशीर का, आणि त्यांच्याकडं तर मावशी कामालाही नाहीत. भाडेकरूंचं पण तेच, मत नाही, टिक मात्र करायची.

तुमच्याकडं घेत असाल तर ठरावातच लिहून घ्या, ज्याला नको त्याची नोंद वहीत आणि मावशींच्या वेळा फक्त त्या जिथं काम करतात त्या घरांना. आमच्या कमिटीला सांगितलं तर म्हणाले पुढच्या मीटिंगला मांडा, कोरम झाला तर बघू.