न्यासपत्र करून देणारे वकील: वर्षभरानंतरचा अनुभव

न्यास म्हणजे ट्रस्ट, आणि तो ज्या दस्ताने होतो ते न्यासपत्र. त्यात मालमत्ता देणारा तो संस्थापक, ती सांभाळणारा तो विश्वस्त आणि ज्याच्या हितासाठी ती सांभाळायची तो लाभार्थी. एवढे सांगून थेट मुद्द्यावर येतो. धाकट्या भावाच्या आजन्म सांभाळासाठी आम्ही खाजगी न्यास केला. वकिलांची फी माफक होती, मसुदाही वेळेत हाती पडला, म्हणून ओळखीच्यांपाशी मी त्यांची तोंडभरून शिफारस केली होती. ती आता मागे घेतो.

विश्वस्ताची जागा रिकामी झाल्यास नवा विश्वस्त कोणी नेमायचा, याचे कलमच त्या मसुद्यात नाही. एका विश्वस्ताने प्रकृतीमुळे राजीनामा दिला, तेव्हा बँकेतील अधिकाऱ्यांनी न्यासपत्र आमच्यापुढे सरकवून नेमणुकीचा अधिकार कोठे लिहिला आहे ते दाखवा, असे सांगितले. आम्ही शेवटच्या पानापर्यंत बोट फिरवले, तरी तशी ओळ सापडली नाही. खाजगी न्यासात वेगळी तरतूद नसेल, तर सर्व विश्वस्तांनी मिळून निर्णय घ्यायचा असतो. त्यामुळे उरलेल्यांच्या सह्या पुरेशा आहेत की नाहीत, यावर पत्रव्यवहार सुरू झाला आणि भावाच्या औषधांचा खर्च तोवर आमच्या खिशातून गेला.

वकिलांचे उत्तर असे, की विश्वस्ताअभावी न्यास बुडत नाही, न्यायालय नेमणूक करू शकते. तत्त्व खरे आहे, पण दोन ओळी लिहून टळणाऱ्या कामासाठी न्यायालयाची पायरी का चढावी? दुरुस्तीसाठी त्यांनी वेगळी फी सांगितली. उणीव त्यांची आणि भुर्दंड आमचा, हा हिशेब मला अजूनही पटलेला नाही.

दुसऱ्या वकीलबाई तासावर फी घेतात. मालमत्तेविषयी काही विचारण्याआधीच कोण आजारी पडेल, कोण परदेशी जाईल, कोणाचे कोणाशी पटत नाही, हे त्या खोदून विचारू लागल्या, तेव्हा घड्याळाकडे पाहून माझा जीव खालीवर होत होता. पुढे मसुदा वाचताना लक्षात आले, की त्या प्रत्येक प्रश्नाचे एकेक कलम झाले आहे. परिशिष्टातील ‘कुटुंबाची काही बचत’ हे शब्दही त्यांनी खोडले आणि तेथे ठेवींचे नेमके तपशील घातले. न्यासाचा हेतू, मालमत्ता आणि लाभार्थी या तिन्ही गोष्टी निश्चित हव्यात, हे इंग्लंडमधील नाइट विरुद्ध नाइट या १८४० च्या खटल्यापासून चालत आलेले सूत्र आहे, असे त्यांनी सांगितले.

मात्र पहिल्या वकिलांना एक श्रेय द्यावेच लागेल. न्यासपत्रात दुरुस्तीचा अधिकार त्यांनी राखून ठेवला होता, म्हणून पूरक दस्तावर, म्हणजे मूळ न्यासपत्राला जोडलेल्या दुरुस्तीच्या दस्तावर निभावले. नाहीतर खर्च फारच वाढला असता.

वकील ठरवण्यापूर्वी त्यांनी केलेले एखादे न्यासपत्र नावे झाकून मागावे आणि त्यात विश्वस्ताचा राजीनामा, मृत्यू व नवी नेमणूक यांची कलमे आधी शोधावीत. न्यासाच्या नावे मालमत्ता वर्ग करण्याचे काम फीमध्ये धरले आहे का, हेही लेखी घ्यावे. आमच्याकडे ते धरलेले नव्हते आणि त्याचे बिल कालच आले आहे.